कोणी तारले ते नंतर सांगा, आधी कोणी बुडवले ते सांगा!



आमच्या तरुण कार्यकर्त्यांमध्ये धर्मचिकित्सेची भूक वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र भूक लागली म्हणून हाताला येईल ते तोंडात टाकायचे नसते. ख्रिस्ती धर्मातल्या एका जुन्या वादाबद्दल सध्या आपल्याकडे दोन विधाने बेधडक केली जातात. एक गट म्हणतो, "देवाने आधीच काही माणसे तारणासाठी निवडून ठेवली आहेत, असे सांगणारा ख्रिस्ती पंथ म्हणजे विलायती ब्राह्मणवाद. जन्माआधीच निकाल!" दुसरा गट म्हणतो, "पण त्यांच्यातच इच्छास्वातंत्र्य मानणारा पंथ आहे. माणसाने स्वतः निवड करायची असते. म्हणजे तो पंथ समतावादी आणि आपल्या जवळचा."

ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यामुळे बाबासाहेबांनी विचारलेला खरा प्रश्न झाकला जातो. म्हणून हा लेख.

वाद नेमका काय आहे?

माणसाचे तारण कोणामुळे होते, हा मूळ प्रश्न. देवाने ठरवले म्हणून होते, की माणसाने विश्वास ठेवायचे ठरवले म्हणून?

इसवी सनाच्या पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या गावचा बिशप ऑगस्टीन आणि ब्रिटनहून रोमला आलेला तपस्वी पेलाजियस यांच्या निमित्ताने हा वाद पेटला. पेलाजियसचे म्हणणे साधे होते. देवाने आज्ञा दिली, म्हणजे ती पाळण्याची ताकदही माणसाला दिली असणारच. नाहीतर आज्ञेला अर्थ काय? ऑगस्टीनचे म्हणणे उलटे. आदामाच्या पापामुळे सगळी मानवजातच नासलेली आहे, चांगले निवडण्याची ताकदच माणसात उरलेली नाही. देव कृपा करून ज्यांना उचलतो, तेवढेच तरतात. बाप्तिस्मा न होता मेलेले तान्हे मूलसुद्धा शिक्षेतून सुटत नाही, इथपर्यंत त्याने हे तर्कशास्त्र ताणले.

निकाल कसा लागला ते पाहा. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते निषिद्ध ठरवली आणि त्याच साली सम्राट होनोरियसने पेलाजियसच्या अनुयायांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. देवाच्या कृपेबद्दलचा वाद राजाच्या हुकमाने मिटवला गेला! पेलाजियसच्या वर्तुळातल्या कोणा अनामिकाने श्रीमंतीवर लिहिलेला एक निबंध आजही उपलब्ध आहे. थोड्यांकडे गरजेपेक्षा जास्त आहे म्हणूनच पुष्कळांकडे गरजेपुरतेही नाही, असा त्याचा रोख आहे. अशा विचारांची माणसे रोमच्या जमीनदारांना सोयीची होती का, याचा विचार तुम्हीच करा.

पुढे सोळाव्या शतकात जिनिव्हाच्या जॉन कॅल्विनने हा विचार टोकाला नेला. देवाने अनादिकालापासून काहींना तारणासाठी नेमले आणि काहींना नाशासाठी. का नेमले, हे विचारायचा माणसाला अधिकार नाही. मडक्याने कुंभाराला जाब विचारायचा नसतो, हा पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातला दृष्टांत या मंडळींचा आवडता आधार. हा निर्णय भयंकर आहे हे खुद्द कॅल्विननेही मान्य केले होते. मान्य केले, पण बदलला नाही.

याला कॅल्विनच्याच परंपरेतून विरोध झाला. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाचा प्राध्यापक आर्मिनियस म्हणाला की देवाची कृपा सर्वांसाठी आहे. कोण विश्वास ठेवील हे देवाला आधी कळते आणि त्यावरून तो निवड करतो. माणूस कृपा नाकारूही शकतो. तो १६०९ साली वारला. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन दिले. त्याचा निकाल लावायला १६१८-१९ मध्ये डॉर्ट्रेख्ट शहरात मोठी धर्मसभा भरली, तीच डॉर्टची सभा. निवेदनवाले दोषी ठरले, त्यांच्या सुमारे २०० धर्मोपदेशकांना पदांवरून काढण्यात आले. त्यांना पाठीशी घालणारा देशाचा सर्वात वजनदार मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट याचे मे १६१९ मध्ये डोके उडवण्यात आले. राजकारणाचे हिशेब धर्माच्या वहीत चुकते झाले.

पहिल्या गटाला आमचे उत्तर: ही वर्णव्यवस्थेची नक्कल नाही

आता जे तरुण "हा विलायती ब्राह्मणवाद" म्हणतात, त्यांनी नीट समजून घ्यावे. कर्मविपाकाचा सिद्धांत सांगतो की तू अस्पृश्य जन्मलास कारण गेल्या जन्मी तू पाप केलेस; म्हणजे तुझी अवस्था ही तुझीच कमाई. ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व हीसुद्धा त्याची कमाई. कॅल्विनचा सिद्धांत याच्या नेमका विरुद्ध बोलतो. तारण कोणाचीच कमाई नाही. राजा असो की भंगी, सगळे सारखेच नालायक. कोण निवडलेला आहे हे अंगावर, कुळावर, कातडीवर लिहिलेले नसते. सिद्धांत म्हणून पाहिले तर यात जन्मजात श्रेष्ठत्वाला जागा नाही.

मग घोटाळा कुठे होतो? समाजशास्त्राचा विद्यार्थी मॅक्स वेबरला विसरू शकत नाही. १९०४-०५ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वेबरने हे दाखवले की निवड अदृश्य असली की माणूस अस्वस्थ होतो. "मी निवडलेला आहे का?" हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नाही. मग तो खुणा शोधू लागतो. कष्टात सातत्य, धंद्यात बरकत, शिस्तीचे आयुष्य, या खुणा ठरतात. आम्ही याच्या पुढे एक पायरी जातो. एकदा खुणा शोधायची सवय लागली की सत्ताधाऱ्याला आपल्या अंगावरच सगळ्या खुणा दिसू लागतात. आपली संपत्ती ही खूण, आपली भाषा ही खूण, शेवटी आपली गोरी कातडी हीसुद्धा खूण. जे अदृश्य होते ते अशा रीतीने दृश्य होते आणि जातीसारखे वागू लागते.

दक्षिण आफ्रिकेत हेच झाले. डच सुधारित चर्चच्या १८५७ च्या सभेने, काहींच्या "दुबळेपणा"मुळे, कृष्णवर्णीयांची उपासना वेगळी भरवायला मुभा दिली. दुबळेपणा कोणाचा? काळ्या माणसाशेजारी बसून प्रभुभोजन घेणे न सोसणाऱ्या गोऱ्यांचा! १८८१ मध्ये वेगळे चर्चच उभे राहिले. १९४८ मध्ये वर्णभेदाचे धोरण घेऊन सत्तेवर आलेला पंतप्रधान मलान हा आधी त्याच चर्चचा धर्मोपदेशक होता. पाणवठा वेगळा, मंदिर वेगळे, मसणवट वेगळी ठेवणाऱ्या देशातल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आमची चिकित्सा अप्रामाणिक ठरेल. त्या वर्णभेदाला धर्माच्या मैदानात लोळवले तेही कॅल्विनच्याच परंपरेतल्या कृष्णवर्णीयांनी. ॲलन बुसाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या रेट्यामुळे १९८२ साली ओटावा येथे सुधारित चर्चांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरवले. त्याच वर्षी मिश्रवर्णीयांच्या चर्चने बेलहार कबुलीजबाबाचा मसुदा केला, तो १९८६ मध्ये स्वीकारला गेला.

त्याआधी दोनशे वर्षे अमेरिकेत लेम्युएल हेन्स नावाचा माणूस होऊन गेला. बाप काळा, आई गोरी. लहानपणापासून दुसऱ्याच्या घरी बांधील नोकर म्हणून राबलेला. तो पक्का कॅल्विनवादी होता. १७७६ च्या सुमारास त्याने गुलामगिरीविरुद्ध निबंध लिहिला, ज्यात गोऱ्यांनी इंग्रजांकडे मागितलेले स्वातंत्र्य काळ्यांनाही लागू करून दाखवले. १७८५ मध्ये त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. अशा माणसाला "देवाने निवडले" या शब्दांत काय सापडले असेल? ज्या जगात मालकाने तुझी किंमत ठरवायची, त्या जगात मालकाला न विचारता कोणीतरी तुला निवडले, हा आत्मसन्मान. सिद्धांत एकच. मालकाच्या हातात तो चाबूक झाला आणि गुलामाच्या हातात काठी.

दुसऱ्या गटाला आमचे उत्तर: इच्छास्वातंत्र्य म्हणजे समता नव्हे

आता "इच्छास्वातंत्र्यवाले आपल्या जवळचे" म्हणणाऱ्यांकडे येऊ. त्यांच्या हातात एक भक्कम उदाहरण आहे, हे आम्ही मान्य करतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोन मित्र याच वादावरून फुटले. वेस्ली म्हणे कृपा सर्वांसाठी खुली. व्हाइटफील्ड म्हणे निवडलेल्यांसाठीच. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीवर जळजळीत पुस्तिका लिहिली. व्हाइटफील्डने मात्र जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरी कायदेशीर व्हावी म्हणून खटपट केली, १७५१ मध्ये ती झाली, आणि आपल्या अनाथाश्रमाच्या खर्चासाठी त्याने स्वतः गुलाम राबवले. अनाथांचे आश्रम गुलामांच्या घामावर!

गोष्ट इथेच थांबवली तर दुसरा गट जिंकला. पण पुढे काय झाले? वेस्लीच्या अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी १७८४ मध्ये नियम केला की सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत. मालक लोक खवळले आणि वर्षभराच्या आत तो नियम स्थगित झाला. साठ वर्षांनी, १८४४ मध्ये, एका बिशपने गुलाम बाळगण्यावरून वाद पेटला आणि ते चर्च उत्तर-दक्षिण असे दुभंगले. दक्षिणेतले मेथडिस्टही इच्छास्वातंत्र्यच मानत होते. त्याच व्यासपीठावरून ते गुलामांना सांगत की तारण निवडायला तू मोकळा आहेस. मालक निवडायला मात्र नाहीस! दुसरीकडे न्यूपोर्ट या गुलामांच्या व्यापारावर पोसलेल्या बंदरात सॅम्युअल हॉपकिन्स हा कट्टर कॅल्विनवादी व्यासपीठावरून त्या व्यापाराला शिव्याशाप देत होता.

म्हणजे कोणता सिद्धांत मानला यावरून माणूस गुलामाच्या बाजूला उभा राहील की मालकाच्या, हे ठरत नाही. इच्छास्वातंत्र्याच्या सिद्धांताला तर स्वतःचा एक वेगळाच काटा आहे. दार सर्वांना उघडे आहे असे जाहीर केले की जो बाहेर राहिला त्याचा दोष त्याच्याच माथी जातो. दारापर्यंतची वाट कोणी खणून ठेवली, त्याच्या पायात बेडी कोणी घातली, हे कोणी विचारत नाही.

दोन्ही बाजूंनी न विचारलेला प्रश्न

आता मुद्द्यावर येतो. १५०० वर्षांच्या या भांडणात दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर एकमत होते. माणूस पडला तो पापामुळे आणि उठायचे आहे ते एकेकट्याने. ऑगस्टीन म्हणाला देव उचलतो, आर्मिनियस म्हणाला हात पुढे करणे तुझ्याकडे आहे. पण याला खड्ड्यात ढकलले कोणी?

१५२५ साल यासाठी फार बोलके आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात जर्मनीतल्या मेमिंगेन येथे बंडखोर शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. त्यांतली तिसरी मागणी अशी की ख्रिस्ताने आपले रक्त सांडून सर्वांना सोडवले आहे, मग आम्ही कोणाचे वेठबिगार कसे? बायबल वाचून काढलेला हा सरळ निष्कर्ष होता. मार्टिन ल्यूथर काय म्हणाला? हे ख्रिस्ती स्वातंत्र्याला देहाच्या पातळीवर ओढणे आहे. अब्राहामाकडेसुद्धा गुलाम होतेच की! मे महिन्यात त्याने बंडखोरांना ठार मारा असे सरदारांना सांगणारी पुस्तिका काढली. हजारो शेतकरी कापले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने इरॅस्मसला उत्तर म्हणून माणसाची इच्छा कशी बद्ध आहे यावर आपला जाडजूड ग्रंथ छापला. इच्छेच्या बेड्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्याला शेतकऱ्याच्या पायातली बेडी दिसली नाही. आणि ज्या इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू घेतली, तोही शेतकऱ्यांच्या बाजूने मैदानात उतरला नाही.

डॉर्टच्या सभेपुढेही हा प्रश्न आला होता. ईस्ट इंडीजमधल्या ख्रिस्ती घरांत वाढणाऱ्या "अख्रिस्ती" मुलांना, म्हणजे बहुतांशी गुलामांच्या मुलांना, बाप्तिस्मा द्यायचा का? सभेने ठरवले की शिकवण झाल्याशिवाय नाही. जिनिव्हाहून आलेल्या दिओदातीने मत दिले की बाप्तिस्मा झालेल्या गुलामाला इतर ख्रिस्ती माणसांसारखेच स्वातंत्र्य मिळायला हवे. हे मत कागदावर राहिले. १६६७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने तर सरळ कायदा केला की बाप्तिस्म्याने गुलामाची गुलामी सुटत नाही. आत्मा मुक्त, अंग मालकाचे!

बाबासाहेबांनी बोट नेमके इथे ठेवले

या वादाच्या दोन्ही बाजू आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेल्या आहेत. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक कॅल्विनच्या परंपरेतले. हॉपकिन्सच्या विचारांची त्यांच्या संस्थेवर छाप होती. त्यांनी पुढे अहमदनगर भागात मोठे काम उभारले. १८७० नंतर वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्टही आले. आपले कितीतरी महार-मांग बांधव ख्रिस्ती झाले. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, माणूस म्हणून हाक मिळाली. हे उपकार नाकारणारा कृतघ्न ठरेल.

तरीही बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना एक जबरदस्त सवाल केला. मिशनरी त्यांना शिकवतो की तुझी अधोगती पापामुळे झाली आहे आणि ख्रिस्ताकडे पापाची क्षमा आहे. पण अस्पृश्याची अधोगती त्याच्या पापामुळे झालेलीच नाही! ती भोवतालच्या समाजव्यवस्थेने आणि तिला पवित्र ठरवणाऱ्या धर्माने केली आहे. जो स्वतःलाच पापी समजतो तो स्वतःला सुधारत बसेल, व्यवस्थेवर घाव कसा घालील? हा सवाल कॅल्विनलाही लागू होतो आणि वेस्लीलाही.

बाबासाहेबांनी ही फूटपट्टी स्वतःच्या धम्मालाही लावली, हे विसरू नका. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तपासून बाजूला केली. कारण काय दिले? गरिबांच्या आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा उपयोग काय! तथागतांनीही तीन मते नाकारली होती: सगळे पूर्वकर्माने घडते, सगळे ईश्वराच्या इच्छेने घडते आणि सगळे विनाकारण घडते. यातले काहीही मानले तर हे करावे आणि हे करू नये, याला अर्थच उरत नाही. त्याच वेळी "इच्छा" ही आभाळातून पडलेली मोकळी वस्तू आहे असेही तथागत म्हणत नाहीत. इच्छासुद्धा कारणांतून उपजते. उपाशी पोरीची इच्छा, मारहाण सोसलेल्या बाईची इच्छा, कर्जात बुडालेल्या मजुराची इच्छा कारणांच्या जाळ्यात अडकलेली असते. कारणे बदला, इच्छा मोकळी होते. म्हणूनच बाबासाहेब बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हणतात. मोक्षदाता आला की निवड आली, निवड आली की दारावर पहारेकरी आला.

मग आज काय करायचे?

हा वाद युरोपच्या ग्रंथालयात पडलेला नाही. नावे बदलून तो आपल्या वस्तीत रोज चालतो. गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला की एकजण म्हणतो, "त्याचे नशीब." दुसरा म्हणतो, "त्याने उतरायलाच नको होते, काळजी घेतली नाही." पहिला निवडवाला, दुसरा इच्छास्वातंत्र्यवाला. २०१३ चा कायदा असताना त्याला खाली उतरवणाऱ्या ठेकेदाराचे नाव दोघेही घेत नाहीत! पोरगी दहावीतून सुटली की तेच, पोरगा स्पर्धा परीक्षेत अडला की तेच. "मेहनत केली असती तर झाले असते" असे मंचावरून पैसे घेऊन सांगणारे व्याख्याते आपल्याच जयंतीला बोलावले जातात आणि आपण टाळ्या वाजवतो.

आपल्यातही "निवडलेले" तयार होत आहेत, हेही बोलून टाकतो. नोकरी लागली, फ्लॅट झाला, की वस्तीकडे पाहून "त्या लोकांना सुधारायचेच नाही" म्हणणारे आपलेच साहेब लोक. त्यांना आपली बरकत ही लायकीची खूण वाटते. वेबर वाचायला युरोपात जायला नको. आणि जे बाबासाहेबांच्या फोटोला नवस बोलू लागलेत, त्यांनी मार्गदात्याला मोक्षदाता करून टाकले आहे.

शेवटी ख्रिस्ती बांधवांविषयी. दलित ख्रिस्ती ही आपली माणसे आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत, तर १९९० मध्ये त्या यादीत आपण बौद्ध आलो. त्यांच्याशी भांडण लावणाऱ्यांच्या हातातले खेळणे होऊ नका. त्यांच्यासोबत बसा. तारण कसे होते यावर त्यांचे मत त्यांच्यापाशी राहू द्या. त्यांना विचारा, तुमच्या चर्चमध्ये बाक वेगळा आहे का, स्मशानभूमी वेगळी आहे का, लग्ने कोणाशी होतात? आपल्या विहारातही हेच विचारा, पोटजातीचे नाव घेऊन विचारा.

कोणताही धर्म, पंथ, पक्ष किंवा पुढारी तारायला आला की आपण एवढेच विचारायचे: आम्हाला बुडवले कोणी ते आधी सांग, आणि त्याच्याविरुद्ध तू आमच्यासोबत उभा राहणार आहेस का? उत्तर टाळणाऱ्याचा सिद्धांत कितीही सुंदर असो, तो आपल्या कामाचा नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!